सव्वादोन किलोमीटर

माडबंदरात रेल्वे कधी आलीच नाही.
आली ती एकदम जुनी होऊन.

ट्रेलरवरून, ताडपत्रीखाली,
फोंडाघाटात तीनदा थांबत,
डबे तीन, इंजिन एक,
आणि गोणपाटात गुंडाळलेली घंटा.
घंटा म्हणजे रुळाचाच हातभर तुकडा,
वरच्या अंगाला भोक पाडलेला.
खाली उतरवायच्या आधीच पोरांनी वाजवून बघितली.
तेव्हा जेटीवरचे बगळे उडाले होते.
आता उडत नाहीत.

मी तिकिटं देते. पुठ्ठ्याची, दोन बोटांएवढी.
यंत्रात खुपसली की खट् करून
आजचा दिवस उमटतो, थोडा तिरका.
त्या यंत्राला दोन हजार साल ठाऊकच नव्हतं,
दाऊद होडेकरांनी शिशाचा आकडा कोरून बसवला.

स्टेशन म्हणाल तर तेही गोळा केलेलं.
बिडाचे खांब कुठल्या बंद पडलेल्या जंक्शनचे,
आगीच्या लाल बादल्या दुसरीकडच्या
(वाळू मात्र इथली, शिंपल्यांसकट),
वजनकाटा तिसरीकडचा, आणि तो
प्रत्येकाला चार किलो कमी सांगतो
म्हणून त्याच्यापुढे कायम रांग.

पाटी पिवळी, नाव काळं,
खाली समुद्रसपाटीपासूनची उंची.
रंगाऱ्याने विचारलं, किती घालू?
होडेकर म्हणाले, थांब, भरती बघून सांगतो.

खाऱ्या वाऱ्याला जुनं-नवं कळत नाही.
पितळी कड्या सोमवारी चिंचेने घासाव्यात,
गुरुवारी त्यांवर हिरवं चढलेलं.
सिग्नलचा हात वर जातो, खाली यायला विसरतो,
मग कुणीतरी काठी घेऊन निघतं.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात
इनास मेस्त तिसऱ्या वर्गाचा डबा खरवडत बसला होता.
वर तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली राखाडी,
त्याखाली पुन्हा तपकिरी.
"सागवान आसा," म्हणाला, "कुसाचा नाय."
आणि मग बराच वेळ काही म्हणाला नाही.
मी जेवणाचा डबा घेऊन त्या डब्यात चढले
तर खिडकीखालच्या फळीवर,
बसलेल्या माणसाच्या गुडघ्याशी,
खिळ्याने ओढलेल्या रेघा.
चार उभ्या, त्यांवर एक आडवी.
पुन्हा चार, पुन्हा आडवी.
सदतीस.
अडतिसावी सुरू होऊन अर्ध्यात थांबलेली.

काय मोजलं असेल? फेऱ्या? पूल?
तिकीट न काढता केलेले प्रवास?

गावात तोवर आठवणी तयार झाल्या होत्या.
बाबू तारी पाहुण्यांना सांगायचा,
आमचे आजोबा ह्याच गाडीने बोर्डिंगला जायचे.
कुठल्या बोर्डिंगला, कुठून चढायचे,
आम्ही विचारत नव्हतो.
पाहुण्यांना आवडायचं. खरं तर आम्हालाही.
त्या दिवशी त्यानेही रेघा पाहिल्या,
बोट लावून मोजल्या, एकदा, मग परत एकदा,
आणि काही न सांगता खाली उतरला.
नंतर आजोबा बैलगाडीने जायला लागले.

समितीत ठराव झाला:
सगळ्या डब्याला रोगण,
ती वीतभर फळी सोडून.

मार्ग मिठागरापाशी संपतो. पुढे खाजण.
इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून
धापा टाकत दुसऱ्या टोकाला येतं,
तेवढ्यात सगळे उभे राहून
बाकांच्या पाठी धाडधाड उलट्या करतात.
बनवलीच आहेत ती तशी,
जाताना-येताना तोंड पुढेच राहावं म्हणून.
फक्त त्या खिडकीजवळची एक पाठ अडकते.
इनास म्हणतो, तेल घालतो.
दोन वर्षं म्हणतोय.

तिथे बसणारा परत येताना उलटा बसतो,
दूर जाणाऱ्या मिठाच्या ढिगांकडे तोंड करून,
आणि डबा हलला की गुडघा
त्या अर्ध्या रेघेला घासतो.